पेटीवर तुझं नाव आहे का?

पत्र थोडक्यात: वय 23. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मास्टर्ससाठी जर्मनीत, लाइप्झिगला पोहोचले. तिघा जर्मन मुलामुलींबरोबर ‘वेगे’त, म्हणजे सामायिक घरात राहते. खोली मूळ भाडेकरूकडून पोटभाड्याने घेतली आहे. आता डिसेंबर उजाडला, तरी काहीच आपलं वाटत नाही. बाथरूमच्या दारावर कुणीतरी ‘बिटं लुफ्टेन!’ अशी चिठ्ठी लावली, उद्गारचिन्हासकट. त्यांना माझ्या स्वयंपाकाचा वास नकोसा झाला असावा. मागच्या आठवड्यात कचऱ्यावरूनही एक चिठ्ठी आली. कॅफेतल्या कामाचा पहिला पगार हिशेबापेक्षा बराच कमी हातात पडला. विम्याचं कार्ड आलं नाही (तशी कुठलीच पत्रं अजून आलेली नाहीत). व्हिसा जानेवारीच्या मध्यापर्यंतच आहे. रोज रात्री नऊला घरी फोन करते आणि ‘सगळं छान आहे’ म्हणून सांगते. वर्गातल्या बाकीच्या भारतीय मुली मस्त रुळल्यात. माझ्यातच काही कमी आहे का? सेमिस्टर संपलं की परत यावं का?

* * *

‘माझ्यातच काही कमी आहे का’ हा प्रश्न तू शेवटी विचारलास आणि ‘कुठलीच पत्रं आलेली नाहीत’ हे मधेच कंसात लिहून पुढे गेलीस. माझं सगळं लक्ष त्या कंसावर खिळलं आहे. हे उत्तर वाचून झालं की चप्पल घालून खाली जा आणि इमारतीच्या दाराशी असलेल्या लेटरबॉक्सवर तुझं आडनाव आहे का ते बघ. बहुतेक नसेल. मूळ भाडेकरूचं असेल, फार तर आणखी एकाचं.

जर्मनीतल्या इमारतींत फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. पोस्टमन रस्ता आणि घर क्रमांक बघून दारापर्यंत येतो आणि पुढे फक्त पेट्यांवरची आडनावं वाचत जातो. तुझं आडनाव सापडलं नाही, की पाकीट ‘या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही’ असा शेरा घेऊन परत जातं. कुणी फोन करत नाही, मेसेज येत नाही. तू वरच्या मजल्यावर वाट बघत बसतेस आणि तिकडे कार्यालयाच्या नोंदीत तू सापडत नाहीस.

तू पोहोचल्यावर 14 दिवसांच्या आत ब्युर्गरब्युरोत, म्हणजे शहराच्या नागरिक सेवा कार्यालयात, पत्त्याची नोंदणी केली असशील, असं धरून चालू. नोंदणी राहिली असेल तर आधी ती कर. तिच्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं आणि पोटभाड्याच्या खोलीत ते मूळ भाडेकरूच देऊ शकतो, मालकाच्या मागे धावावं लागत नाही. या नोंदणीनंतर पोस्टाने काय काय येतं बघ. केंद्रीय कर कार्यालयाकडून 11 आकडी कर ओळख क्रमांक. विमा कंपनीकडून कार्डासाठी फोटो मागणारं पत्र, आणि फोटो पाठवल्यावर कार्ड. बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात, मध्ये काही दिवसांचं अंतर ठेवून. रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीचं पत्र. म्हणजे कार्ड न येणं, पगार कमी येणं आणि इथे आपण कुणाच्या खिजगणतीत नाही असं वाटत राहणं, या तीन गोष्टी तू वेगवेगळ्या मांडल्यास, पण त्यांचं मूळ त्या एका पेटीत असू शकतं.

तेव्हा आजच कागदाच्या पट्टीवर ठळक अक्षरांत आडनाव लिही, वरून पारदर्शक टेप लाव आणि पट्टी पेटीवर चिकटव. तशीच एक दारावरच्या बेलपाशीही. पासपोर्टच्या आडनावाच्या रकान्यात आहे तेच स्पेलिंग ठेव. मधलं वडिलांचं नाव नको, त्याने गोंधळ वाढतो. काही पासपोर्टांत आडनावाचा रकानाच रिकामा असतो, त्यांनी मात्र पूर्ण नाव लिहावं. मूळ भाडेकरूला सांगून ठेव, म्हणजे तो इमारतीचं व्यवस्थापन बघणाऱ्यांकडून पक्की पाटी मागवेल. तोवर जिथे जिथे पत्ता देशील तिथे तुझ्या नावाखाली ‘बाय’ लिहून मूळ भाडेकरूचं आडनाव टाक. आपल्याकडे पत्त्यात ‘द्वारा’ लिहितात, तेच हे.

हरवलेली पत्रं आपणहून परत येणार नाहीत, ती मागवावी लागतील. कर क्रमांक केंद्रीय कर कार्यालयाच्या वेबसाइटवरच्या फॉर्मने पुन्हा मागता येतो. तो फोनवर किंवा ईमेलने सांगत नाहीत, नोंदणीच्या पत्त्यावर पोस्टानेच येतो आणि त्याला काही आठवडे लागतात. म्हणून अर्ज पट्टी लावल्यानंतर कर. पट्टीच्या आधी अर्ज केलास तर तेही पाकीट परत जाईल. विमा कंपनीला फोन करून दोन गोष्टी विचार: माझा फोटो तुमच्याकडे पोहोचला का, आणि कार्ड येईपर्यंत ‘एर्झात्सबेशायनिगुंग’, म्हणजे कार्डाऐवजी चालणारा दाखला, पाठवाल का. तो दाखला दाखवून डॉक्टरकडे जाता येतं. कार्ड नाही म्हणून आजार अंगावर काढायची गरज नाही.

रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना 18.36 युरो आहे आणि ती दर माणशी नसून दर घरामागे असते. तुमच्या वेगेत कुणीतरी आधीच भरत असेल. त्याचा वर्गणी क्रमांक घे, तुला आलेल्या पत्राच्या उत्तरात तो लिहून पाठव, आणि तुझा वाटा त्याला दे. उत्तरच दिलं नाही तर थकबाकी तुझ्या नावावर चढत जाते. (विद्यार्थी वसतिगृहात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: सामायिक कॉरिडॉरमध्ये दार उघडणारी स्वतंत्र खोली हे तिथे वेगळं घर धरलं जातं, त्यामुळे वर्गणीही ज्याची त्याची.)

पगाराची स्लिप काढ आणि ‘श्टॉयरक्लासं’, म्हणजे करवर्ग, या शब्दासमोरचा आकडा बघ. अविवाहित विद्यार्थ्याचा वर्ग पहिला. कॅफेच्या मालकाकडे तुझा कर क्रमांक नसेल तर तो सहावा वर्ग लावू शकतो. त्यात कुठलीही सूट न धरता पहिल्या युरोपासून कर कापला जातो. तिथे 6 दिसला तर तुझे पैसे बुडालेले नाहीत. क्रमांक दिल्यावर मालक पुढच्या पगारात दुरुस्ती करू शकतो, आणि नाही केली तरी वर्ष संपल्यावर कर विवरणपत्र भरून ते परत मागता येतात. ऐच्छिक विवरणपत्रासाठी चार वर्षांची मुदत असते. स्लिपमध्ये पेन्शनचे 9.3 टक्के कापलेले दिसले, तर ती मात्र नियमित कपात आहे. ताशी दरही तपास: 1 जानेवारी 2026पासून किमान वेतन 13.90 युरो आहे. आणि कामाचे दिवस वहीत मांडून ठेव. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना मार्च 2024पासून वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. चार तासांपर्यंतचं काम म्हणजे अर्धा दिवस. मालक हा हिशेब तुझ्यासाठी ठेवीलच असं नाही, आणि जबाबदारी तुझी असते.

आता व्हिसा. पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट हीच आहे, आणि तू ती एका ओळीत उरकलीस. परदेशी नागरिक कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेत, विद्यार्थी म्हणून राहण्याच्या परवान्याचा अर्ज व्हिसा संपण्याच्या आत पोहोचायला हवा. भेटीची तारीख फेब्रुवारीतली किंवा मार्चमधली मिळाली तरी चालते. महत्त्व अर्जाच्या तारखेला आहे. मुदतीत अर्ज गेला असेल तर निर्णय होईपर्यंत तुझा आधीचा परवाना चालू मानला जातो, आणि तसा कागद कार्यालय देतं. त्याला ‘फिक्त्सियोन्सबेशायनिगुंग’ म्हणतात. अनेकांची चूक इथेच होते: ते वेबसाइटवर भेटीची वेळ शोधत राहतात, वेळ मिळत नाही, आणि अर्ज करायचाच राहून जातो. तू थांबू नकोस. भरलेला अर्ज, पासपोर्टची प्रत, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, विम्याचा दाखला, पत्त्याच्या नोंदणीचा कागद, भाडेकरार आणि ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठरावीक रक्कमच देणाऱ्या खात्याचा, पुरावा (सप्टेंबर 2024पासून महिन्याला 992 युरो, वर्षाचे 11,904) हे सगळं या आठवड्यात त्यांच्या ऑनलाइन फॉर्मने पाठव आणि पोच जपून ठेव. फोटो कसा हवा तेही तिथेच दिलेलं असतं. एखादा कागद कमी असेल तरी अर्ज अडवून ठेवू नकोस, ‘हा नंतर देते’ असं लिहून पाठव. नाताळात कार्यालयं बंद असतात, म्हणजे हातात फार दिवस नाहीत.

आता त्या चिठ्ठीकडे येऊ. मला वाटतं, तिने तुला व्हिसापेक्षाही जास्त छळलं आहे.

‘बिटं लुफ्टेन’ म्हणजे ‘कृपया हवा येऊ द्या’. चिठ्ठी बाथरूमच्या दारावर होती, स्वयंपाकघराच्या नाही. तुझ्या फोडणीचा तिच्याशी संबंध नाही, तुझ्या आंघोळीच्या वाफेचा आहे. आणि त्या उद्गारचिन्हाचा अर्थ ओरडणं असा घेऊ नकोस. जर्मनमध्ये ‘हे करा’ अशा विनंतीवजा वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह देण्याची रीतच आहे.

मग त्यांना या वाफेची एवढी काळजी का? तिथली घरं हिवाळ्यात बंद असतात, आत 20 अंश आणि बाहेर शून्याच्या आसपास. आंघोळीची, भाताची, खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांची सगळी वाफ हवेत राहते आणि भिंतीच्या सगळ्यात गार कोपऱ्यावर, खिडकीच्या चौकटीशी, कपाटामागे पाणी होऊन बसते. तिथे काळी बुरशी धरते. ती धरली की घरमालक भाडेकरूंना जबाबदार धरतो आणि घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापायला बघतो. चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते डिपॉझिट असणार.

उपाय सोपा आहे, पण आपल्या सवयीच्या उलट. खिडकी वरून तिरकी किलकिली करून तासन्‌तास ठेवायची नाही. त्याने हवा फारशी बदलत नाही, उलट खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि बुरशीला जागा मिळते. खिडकी सताड उघडायची, समोरची दुसरी असेल तर तीही, पाचेक मिनिटं ठेवायची आणि बंद करायची. असं दिवसातून तीन-चारदा. आंघोळीनंतर बाथरूमचं दार लावून घ्यायचं आणि आतली खिडकी लगेच उघडायची, म्हणजे वाफ घरभर पसरत नाही. खिडकी उघडी असताना रेडिएटर बंद करायचा. नाही तर त्याच्या नॉबला गार हवा लागते आणि तो पूर्ण जोराने तापायला लागतो. आणि नॉब 5 वर नेला की खोली लवकर तापते हा गैरसमज आहे. ते आकडे वेगाचे नाहीत, तापमानाचे आहेत: 3 म्हणजे साधारण 20 अंश, एकेका आकड्याला तीन-चार अंशांचा फरक. 5 वर ठेवून विसरलीस तर वर्षाच्या शेवटी हीटिंगचं वाढीव बिल चौघांत वाटलं जाईल, आणि मग खरंच कुणीतरी नाराज होईल.

कचऱ्याच्या चिठ्ठीतही हेच. निळ्या डब्यात कागद, पिवळ्यात पॅकिंगचं प्लास्टिक आणि पत्रा, तपकिरीत ओला कचरा, काळ्यात उरलेलं. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तपकिरी डब्यात टाकणं ही नव्याने आलेल्यांची नेहमीची चूक. गाडीवाले असा डबा न उचलता ठेवून जाऊ शकतात आणि त्याचा भुर्दंड सगळ्या इमारतीला बसतो. काचा रस्त्यावरच्या टाक्यांत रंगाप्रमाणे टाकायच्या, पण रविवारी नाही, कारण रविवार शांततेचा. ज्या बाटलीवर अनामत आहे ती दुकानातल्या मशीनमध्ये द्यायची. बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांचे 25 सेंट मिळतात.

तरी नियम पाठ करून तू त्या घरात राहणारी होणार नाहीस. त्यासाठी एक अवघड गोष्ट करावी लागेल: ज्याने चिठ्ठी लावली त्याला जाऊन विचार, ‘मला एकदा दाखवशील का, कसं करायचं?’ पाच मिनिटांचं काम आहे. तिथे चिठ्ठी म्हणजे भांडण नसतं. बोलायला वेळ जुळत नाही म्हणून माणसं लिहून ठेवतात आणि संध्याकाळी त्याच टेबलावर जेवतात. तुला ते जेवताना दिसत नाहीत, कारण संध्याकाळी तू फोनवर असतेस.

त्या फोनबद्दल जरा कठोर बोलते. हिवाळ्यात भारत जर्मनीच्या साडेचार तास पुढे असतो. तुझे रात्रीचे नऊ म्हणजे घरी रात्रीचा दीड. आईवडील रोज दीडपर्यंत जागतात आणि ‘सगळं छान आहे’ ऐकून झोपतात. त्यांचा विश्वास बसत असेल असं मला वाटत नाही. दीडपर्यंत जागणाऱ्या आईला आवाजातलं सगळं कळतं. फोन दुपारी साडेतीनला कर, घरी तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात. तास असेल त्या दिवशी सकाळी साडेसातला कर, तिकडे दुपारचे बारा. आणि एक खरी गोष्ट सांग: ‘पेटीवर नाव नव्हतं म्हणून पत्रं परत गेली, आज लावलं.’ अशी गोष्ट त्यांनाही हाताळता येते. ‘छान आहे’चं ते काय करणार? तुझी संध्याकाळ मोकळी झाली की घराचं स्वयंपाकघर आहे, विद्यापीठाचे खेळांचे वर्ग आहेत. त्यांची नोंदणी सेमिस्टरच्या तोंडावर ठरलेल्या वेळी उघडते आणि लोकप्रिय वर्ग बघता बघता भरतात, पण डिसेंबरमध्येही कुणी सोडलेल्या जागा असतात. भाषा केंद्रात टँडेम जोडीदाराची मागणी नोंदव, म्हणजे तू त्याला मराठी किंवा इंग्रजी शिकवायचं आणि त्याने तुला जर्मन. मास्टर्स इंग्रजीत असलं तरी घराचं, कॅफेचं आणि कार्यालयाचं जगणं जर्मनमध्येच चालतं.

लाइप्झिगला डिसेंबरच्या शेवटी दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो. सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या सुमाराला मावळतो, तोही ढगांआड. आपल्याकडे ऐन डिसेंबरातही अकरा तास ऊन असतं. शरीराला हा फरक कळतो, झोप बिघडते, उदास वाटतं, आणि तो स्वभावाचा दोष नाही. दोन लेक्चरांमधली सुट्टी लायब्ररीत न घालवता बाहेर चाल, ढग असले तरी. मात्र दोन आठवडे सलग झोप, भूक किंवा उठण्याची इच्छाच गेली असेल, तर चालण्यावर भागवू नकोस. विद्यार्थी कल्याण संस्थेचा, म्हणजे श्टुडेंटनवेर्कचा, समुपदेशन विभाग तुझ्यासारख्यांसाठीच असतो. रात्री-सुट्टीत डॉक्टर हवा असेल तर 116117, आणि जिवाशी खेळ होईल असं काही मनात आलं तर सरळ 112.

परत यावं का? येता येईल, आणि त्यात कमीपणा नाही. तू अडकलेली नाहीस हे आधी कळायला हवं. खोली फर्निचरसह असेल, मूळ भाडेकरू त्याच घरात राहत असेल आणि करार ठरावीक मुदतीचा नसेल, तर कायद्याने 15 तारखेपर्यंत लेखी नोटीस देऊन त्याच महिन्याच्या अखेरीला सोडता येते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये उरलेले पैसे तुझेच आहेत. पण निर्णय डिसेंबरात घेऊ नकोस. आत्ता तू जे मोजते आहेस त्यात परत गेलेली पाकिटं, चुकीचा करवर्ग आणि एक चुकीची वाचलेली चिठ्ठी मिसळलेली आहे. ते बाजूला काढ, फेब्रुवारीत परीक्षा दे, मग बघ. दोन दारं मात्र तोवर उघडी ठेव: परीक्षांची नोंदणी मुदतीत कर, कारण नोंदणी नसेल तर पेपरला बसू देत नाहीत, आणि पुढच्या सेमिस्टरची फी विद्यापीठाच्या तारखेआधी भर. कागद मार्गी लागले, संध्याकाळी टेबलावर जागा मिळाली आणि तरी विषयच नकोसा वाटत असेल, तर परतीचं कारण पक्कं आहे. विषय आवडतोय पण घर नकोय असं असेल, तर आधी घर बदल.

एक गोष्ट जवळ आली आहे, तिची तयारी आत्ताच कर. 24 डिसेंबरला दुकानं दुपारीच बंद होतात, 25 आणि 26 पूर्ण सुट्टी. घरातले तिघेही बहुधा आपापल्या गावी जातील आणि ते दिवस तुला फार लांब वाटतील. 23 तारखेपर्यंत चार दिवसांचं सामान भरून ठेव. आणि वर्गातल्या ज्या मुलींचे फोटो बघून त्या रुळल्यात असं तुला वाटतं, त्यांच्यापैकी एकीला उद्याच विचार, 25 तारखेला काय करते आहेस. तिच्या घरातलेही गावी गेलेले असतील. स्वयंपाकघर रिकामं आहे, जेवायला ये म्हणून सांग, आणि बेलवर कुठलं आडनाव बघायचं तेही सांग.